मात्सुबा-झाचा घरजावई

प्रल्हाद सुतार जपानात घरजावई झाला, ही बातमी मिरजेला पोहोचली तेव्हा मी तिथे नव्हतो. असतो तर ती इतकी मिळमिळीत पोहोचली नसती. निळ्या विमानी कागदावर त्याने चार ओळी खरडल्या होत्या : लग्न केले आहे, मुलगी सुस्वभावी आहे, त्यांच्याच घरी राहतो, त्यांचेच आडनाव लावतो. त्याची आई म्हणे पहिल्या तीन गोष्टी ऐकून गप्प बसली आणि चौथीला पदर डोळ्याला लावून आत गेली.

प्रल्हाद साच्यांचा कारागीर. विजेच्या खांबावर तारा ज्यांना अडकवतात ते चिनी मातीचे चिमणे ओतायचे तर आधी त्यांचे लाकडी नमुने लागतात, ते तो करायचा. कारखान्याने १९५७ साली त्याला शिकायला म्हणून जपानात धाडलं, तेही कुठे, तर नागोयापासून रेल्वेने दोन तासांवर डोंगरात दडलेल्या हिनोकावा नावाच्या गावात. राहायची सोय कुवाहारा नावाच्या घरी. कुवाहारा म्हणजे तुतीचं रान. एके काळी या लोकांनी रेशमावर घर भरलं होतं. प्रल्हाद गेला तेव्हा रेशीम संपलं होतं, तुतीची चार झाडं उरली होती, एक मुलगी होती, आणि एक नाटकाचं थेटर.

मुलगी किकुए. थेटराचं नाव मात्सुबा-झा. प्रल्हाद आधी कोणाच्या प्रेमात पडला, हे मी त्याला तीस वर्षांत निदान शंभर वेळा विचारलं असेल. तो म्हणायचा, "दोघी एकाच घरच्या. वेगळं कसं सांगू?"

मुलगा नसलेल्या घराने जावयाला आपलं नाव देऊन आत घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. पण जावई पार मिरजेहून आणणं हे हिनोकावाच्या पोटात सहज उतरणारं नव्हतं. किकुएच्या वडिलांना गावात बरंच ऐकून घ्यावं लागलं. न्हाव्याच्या दुकानात तर महिनाभर दुसरा विषय नव्हता म्हणतात. म्हातारा मात्र ठाम होता. "हा पोरगा लाकडावर आधी हात फिरवतो, मग हत्यार उचलतो," एवढंच तो म्हणाला, आणि लग्न झालं.

मी नागोयात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागलो तो १९६९ साली. पहिल्याच सुट्टीला या जुन्या मित्राला भेटायला हिनोकावा गाठलं. प्रल्हाद थेटराच्या दारात उभा. दार कसलं, भिंतीत माझ्या कमरेएवढं भोक. तिथे त्याला उंदीर-दार म्हणतात. गर्दीने एकदम घुसू नये, एकेकाने वाकून आत यावं, म्हणून तसं ठेवलेलं.

"वाक," प्रल्हाद म्हणाला.

"अरे, पण—"

मला टेंगूळ आलं. हा पोट धरून हसला. मागून एक बारीकशी बाई ओला रुमाल घेऊन आली, माझ्या कपाळावर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "बसा, भावजी." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, चहा?"

तेवढंच मराठी त्याने तिला शिकवलं होतं. मी त्याला म्हटलं, "लेका, कामाचे शब्द बरोबर निवडलेस."

त्या थेटराबद्दल मात्र चेष्टा करवत नाही, इतकं ते देखणं होतं. १८९३ साली किकुएच्या आजोबांनी बांधलं. का बांधलं, तर शेजारच्या गावाने बांधलं म्हणून. एका फिरत्या मंडळीतल्या नर्तकीसाठी बांधलं असंही न्हावीण सांगते. मी आपलं पुढे सांगतो, जबाबदारी तिची. बाहेरून दोनपाखी कौलारू छप्पर, आत खिळ्याशिवाय जोडलेलं लाकूड. बसायला खुर्च्या नाहीत. खालच्या मजल्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखलेले. एकेका चौकोनात चौघांनी मांडी घालून बसायचं, डबे उघडायचे आणि नटाला खाताखाता दाद द्यायची. दोन्ही बाजूंना वर सज्जे. प्रेक्षकांच्या मधून रंगमंचापर्यंत एक लांब लाकडी पायवाट. नट तिच्यावरून येताना तुमच्या डब्यावर त्याच्या झग्याची झुळूक यायची.

आणि छत! छताच्या प्रत्येक चौकटीत गावातल्या एकेका दुकानाची जाहिरात रंगवलेली : तांदळाचा व्यापारी, मद्यवाला, दातांचा वैद्य, सुईण. नाटक रटाळ असलं की लोक पाठीवर रेलून छत वाचत बसायचे. सुईणीची चौकट दातांच्या वैद्यापेक्षा ठसठशीत होती, यावरून दोन घराण्यांत तीन पिढ्या बोलणं नव्हतं.

पण थेटराचा जीव होता खाली. रंगमंचाचा मधला गोल फिरायचा. एका बाजूला राजवाडा चालू असताना मागच्या बाजूला रान मांडायचं आणि टाळीच्या इशाऱ्यावर सगळं फिरवायचं. फिरवायचं म्हणजे यंत्राने नव्हे. रंगमंचाखाली दगडाने बांधलेला खोल खड्डा, मधोमध एक जाड खांब, त्याला चार आडवे दांडे, आणि दांड्यांना लागलेली आठ माणसं. त्या खड्ड्याला तिथे नाराकु म्हणतात. आपलाच नरक भिक्षूंच्या झोळीतून तिकडे गेला. प्रल्हाद म्हणायचा, "रोज सकाळी नरकात जातो, जेवायला वर येतो. मिरजेत हे जमलं नसतं."

१९७३च्या शरद ऋतूतल्या खेळाला आठांपैकी पाचच माणसं आली. बाकीची नागोयाच्या मोटार कारखान्यांत. त्या पाचांतले दोघे प्यालेले. टाळी वाजली, गोल कुरकुरत निम्मा फिरला आणि अडकला. अर्धा राजवाडा, अर्धं रान, आणि रानात, मागच्याच प्रवेशात आत्महत्या केलेली नायिका भाताचा गोळा खात बसलेली. लोक हसून हसून आडवे झाले. किकुवहिनी हसल्या नाहीत. प्रल्हाद तर पांढराफटक पडला होता.

पुढच्या रविवारी तो नागोयाला माझ्या दारात.

"तुमच्याकडे मोठी बेअरिंगं भंगारात निघतात ना?"

"निघतात. तुला कशाला?"

"आठ माणसं आता कधीच मिळायची नाहीत. दोघांत फिरेल असं करतो. नाहीतर थेटर बंद."

मी रीतसर चिठ्ठी करून बारीक चरा पडलेलं एक बेअरिंग त्याला मिळवून दिलं. नव्या वर्षाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते बसवलं. जुना खांब काढला. झेल्कोव्हा नावाच्या तिथल्या झाडाचं टणक लाकूड, छातीएवढ्या उंचीचं, ऐंशी वर्षांच्या फिरण्याने काचेसारखं गुळगुळीत झालेलं. वरच्या टोकाला एक चीर गेली होती. नवा गोल दोन माणसांनी ढकलला तर लोण्यासारखा फिरला. प्रल्हादने खड्ड्यात उडी मारली, शिट्टी घातली.

वहिनी तेव्हा घरी नव्हत्या. त्यांची मुलगी सरिता, बारा वर्षांची, अपेंडिक्ससाठी नागोयाच्या दवाखान्यात होती, वहिनी तिच्या उशाशी. त्यामुळे जे झालं ते त्यांच्या पाठीमागे झालं.

तिथली आणखी एक रीत आहे. जानेवारीच्या मध्यावर देवळाच्या अंगणात मोठी शेकोटी करतात. नव्या वर्षाची तोरणं, झिजलेली अवजारं, जुने ब्रश, सुया, असं सगळं आभार मानून तीत घालायचं. कचऱ्यात टाकायचं नाही. प्रल्हाद या बाबतीत गावकऱ्यांपेक्षा कडक. परका माणूस रीत पाळायला लागला की देवालाही घाम फोडतो. त्यात मिरजेचं रक्त. चीर गेलेली वस्तू, ज्या वस्तूला आपण हात जोडले ती, अडगळीत ठेवायची नाही. भंगलेली मूर्ती आपण नदीला देतोच ना? दोन्हीकडचं शहाणपण त्याच्या डोक्यात एकत्र झालं.

गावाची शेकोटी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, बर्फ भुरभुरत असताना, आम्ही दोघांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो खांब ढकलगाडीवरून देवळात नेला. गुरुजी ठार बहिरे. त्यांनी मंत्र म्हटले, निखाऱ्यांवर खांब ठेवला. झेल्कोव्हा लवकर पेटत नाही. दोन तास लागले. प्रल्हाद सगळा वेळ वाकून उभा होता. मला गारठ्याने शिंका येत होत्या आणि मी म्हटलं, "मिरजेत एवढा मान तुझ्या आजोबांनाही मिळाला नसेल." तो हसला. माझ्या आठवणीत त्याचं तेवढं स्वच्छ हसू ते शेवटचं.

चार दिवसांनी वहिनी आल्या. गोल फिरवून पाहिला. खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आणि आजोबांचा खांब?"

प्रल्हाद सांगणार होता. पण त्याआधीच त्या म्हणाल्या, "लहानपणी मी रुसले की त्या खड्ड्यात जाऊन त्याला मिठी मारून बसायचे. थंडीतही तो गार नसायचा."

प्रल्हादच्या तोंडातलं वाक्य तिथेच बदललं. "देवळात दिलाय," तो म्हणाला.

"बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. देवळाला मागे एक बंद कोठार आहे, जुन्या पालख्या आणि मुखवटे ठेवतात ते. त्यांना वाटलं, तिथे. त्यांना तसं वाटलं हे प्रल्हादला कळलं, मला कळलं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता एकवीस वर्षं गेली.

या एकवीस वर्षांत मात्सुबा-झा चालू राहिलं ते त्या बेअरिंगमुळेच, हेही लिहून ठेवतो. शेजारची सगळी थेटरं बंद पडली. हे दोघांच्या जोरावर फिरत होतं, कधी प्रल्हाद आणि टपालवाला, कधी प्रल्हाद आणि मी.

मग १९९५ उजाडलं. नगरपालिकेने ठरवलं की जुनी इमारत पाडून तिथे सभागृह आणि गाड्यांचा तळ करायचा. वाचवायची एकच वाट होती, ती म्हणजे प्रांताच्या वारसा-यादीत नाव लागणं. त्यासाठी सेंदाईच्या विद्यापीठातले प्राध्यापक ओनोदेरा तपासायला आले. काटक, चष्मा दोऱ्याने बांधलेला माणूस. तीन दिवस ते बॅटरी घेऊन तुळयांवर चढले, खड्ड्यात उतरले. चौथ्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून म्हणाले, "छपरावर कौलांच्या जागी नवे पत्रे आहेत. खिडक्या ॲल्युमिनियमच्या आहेत. अशा इमारती यादीत येत नाहीत. फक्त तो फिरता मंच विरळा आहे. पण त्याचा मूळ खांब जागेवर नाही."

प्रल्हादने मोठ्या अभिमानाने बेअरिंगचं सगळं सांगितलं होतं. तिथे बसल्याबसल्या त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं.

"मूळ खांब असता," प्राध्यापक म्हणाले, "तर मी समितीपुढे हट्ट धरला असता."

"आहे ना!" किकुवहिनी म्हणाल्या. बाई चारचौघांत कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण तेव्हा जवळजवळ ओरडल्या. "देवळाच्या कोठारात आहे. आमच्या ह्यांनी नीट ठेवलाय."

प्राध्यापकांनी वाकून नमस्कार केला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने लिहून घेतलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "पुढच्या महिन्यात येतो, बसवून ठेवा," असं म्हणून प्राध्यापक गेले.

प्रल्हाद मला स्टेशनावर सोडायला आला. बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या.

"सांगून टाक," मी म्हटलं.

"तिनं सगळ्यांसमोर माझ्या नावानं सांगितलंय, विनय. 'आमच्या ह्यांनी.' ऐकलंस ना?"

"मग नवा कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साचे करणारा माणूस तू. लांबी-रुंदी तुझ्या वहीत आहे. तुमच्या घरच्या रेशमाच्या किड्यांच्या जुन्या कोठाराची तुळई त्याच लाकडाची, त्याच वर्षातली. कोणाच्या बापाला कळणार?"

आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या. दुसऱ्याच्या हातून मारायला लावलेली ही एकच.

पुढच्या दोन रविवारी आम्ही त्या किड्यांच्या कोठारात होतो. तुळई उतरवली, तिच्या जागी टेकू दिला. प्रल्हाद तासत होता, मी दुसरं टोक धरून होतो. काम इतकं हुबेहूब उतरत होतं की मला भीती वाटायला लागली. दुसऱ्या रविवारी दुपारी दारात सावली पडली. वहिनी, हातात चहाचा ट्रे.

त्यांनी लाकूड पाहिलं. वहीतलं चित्र पाहिलं. मग आम्हा दोघांना पाहिलं.

"हे काय करताय?"

प्रल्हादने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "तो नाहीये," तो म्हणाला. "देवळाच्या कोठारात नाहीये. त्या जानेवारीत मी जाळला. देवळात, मंत्र म्हणून. मला वाटलं होतं तेच योग्य. नंतर तू मिठीचं सांगितलंस, आणि मला बोलता आलं नाही."

वहिनींनी ट्रे ठेवला. दोन कप भरले, एकेकापुढे ठेवले. मग विचारलं, "कोणी पाहिलं?"

"गुरुजींनी. आणि यानं."

"गुरुजी गेले." त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमच्या पोटात काही राहत नाही."

"राहील, वहिनी."

"राहायला हवं." मग नवऱ्याला, "ही तुळई परत लावा. टेकूवर छप्पर किती दिवस राहणार?"

आणि त्या आत गेल्या. आम्ही तुळई चढवत असताना स्वयंपाकघरातून तांदूळ धुण्याचा आवाज येत होता. पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा धुवायचं. इतके तांदूळ त्या घरात नव्हते.

मला वाटलं, बाई आता सगळ्यांसमोर नवऱ्याचं पाप सांगणार. प्रल्हादलाही तेच वाटत होतं, आणि त्याला ते हवंही होतं. प्राध्यापक आले त्या दिवशी त्याने ठेवणीतला काळा कोट घातला. सगळे थेटरात खालच्या चौकोनांत बसले. प्रल्हाद बोलायला सरसावला, तोच वहिनी पुढे होऊन कपाळ जमिनीला लावून वाकल्या.

"खांब नाही," त्या म्हणाल्या. "मी जाळला. एकवीस वर्षांपूर्वी. हे नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. मागच्या वेळी लाज वाटली म्हणून खोटं बोलले. क्षमा करा."

"किकुए—" प्रल्हाद म्हणाला.

"कुवाहारा घराची मुलगी मी आहे," त्या मान न उचलता म्हणाल्या. "या घराचं उत्तर मी देईन."

अशा वेळी घरात घेतलेल्या जावयाने मध्ये बोलायचं नसतं. पस्तीस वर्षं त्याने रीत मोडली नव्हती. त्या दिवशी मोडायला हवी होती, असं मला वाटतं. मीही तिथेच होतो आणि मीही तोंड उघडलं नाही, तेव्हा मला वाटण्याला फारशी किंमत नाही.

प्राध्यापकांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "अवघड आहे." जपानात अवघड आहे म्हणजे संपलं.

बाहेर आल्यावर प्रल्हादने विचारलं, "का केलंस हे?"

"तुम्ही जाळला म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, परक्याला घरात घेतलं की असंच होतं. बाबांनी ते तेव्हा ऐकून घेतलं. मेल्यावर पुन्हा कशाला ऐकवायचं?" आणि वर, "आता तुम्ही काही बोललात तर खोटी मी ठरेन."

१९९६च्या मार्चमध्ये मात्सुबा-झा पाडलं. छताच्या चौकटी उतरवल्या तेव्हा ज्याने त्याने आपापल्या आजोबांची जाहिरात घरी नेली. सुईणीची चौकट मोठी असल्याने दारातून जाईना, तेव्हा दातांच्या वैद्याच्या नातवाने हात लावला. दोन घरं बोलायला लागली. कुवाहारांशी मात्र कोणी बोलेना. कोणी काही लावून बोललं नाही, तिथे तशी पद्धतच नाही. नमस्कार आखूड झाले. शेजाऱ्याच्या दाराशी मळ्यातली भाजी मुकाट्याने ठेवून जायची तिथली चाल, ती यांच्या दारापुरती बंद झाली. वहिनी रोज सकाळी रस्ता झाडायच्या, थेटर पाडलेल्या मोकळ्या जागेपुढचाही. नवऱ्याला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त "अहो" म्हणणं सोडलं. जपानीत हाक मारायच्या, गोड आवाजात, इतर बायका मारतात तशी.

१९९८च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. फुप्फुसाचं दुखणं, तीन आठवड्यांत आटोपलं. अंत्यविधी नव्या सभागृहात झाला, कारण गावात दुसरी जागाच उरली नव्हती. सगळं गाव आलं, मेल्यावर येतात तसं. प्रार्थना झाल्यावर प्रल्हाद सगळ्यांपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने सांगितलं : खांब मी जाळला, ती तेव्हा नागोयात होती, तिला एकवीस वर्षं माहीत नव्हतं, तिने माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलं.

मग तांदळाचा म्हातारा व्यापारी उठून आला, प्रल्हादचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसत म्हणाला, "आता त्या गेल्यावर त्यांचा दोष स्वतःवर घेता. असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"नाही, खरंच मीच—"

"कळतं आम्हाला. कळतं."

प्रल्हाद माझ्याकडे वळला. "विनय, तू होतास. तू सांग!"

मी सांगितलं. बर्फ, पांढरं कापड, ढकलगाडी, माझ्या शिंका, सगळं. इतकं खरं मी त्या गावात कधी बोललो नव्हतो. लोक अदबीने ऐकत होते. मागे कोणीतरी पुटपुटलं, "नागोयाचे पाहुणे गोष्ट रंगवून सांगतात." मग एकेक जण येऊन प्रल्हादपुढे वाकला, आखूड नव्हे, पूर्ण.

सरिता सेंदाईहून आली होती. घरी परतताना तिने जपानीत विचारलं, "बाबा, खरं कोणतं?"

"आईनं सांगितलं ते," तो म्हणाला.

गेल्या महिन्यात मी हिनोकावाला गेलो होतो. प्रल्हाद एकटाच आहे, बरा आहे, कान जरा गेलेत. ओसरीवर मुळ्यांची रास पडली होती, सहा-सात जुड्या, काही वाळून सुरकुतलेल्या. गाव आता रोज काहीतरी ठेवून जातं.

"खात का नाहीस?" मी विचारलं.

"कसे खाऊ? सांग ना, कसे खाऊ?"

निघताना त्याने दोन ताज्या जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या. गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, पाला बाहेर आलेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "छान आहेत. कोणी दिले?"

"वहिनींनी," मी म्हटलं.